भोंगा वाजल्यावर पहिला कोण पोचणार? घर, दुकान आणि कारखान्यासाठी अलार्म मॉनिटरिंगची ओळख

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एक काकू लेकीकडे सांगलीला गेल्या होत्या. रात्री पावणेतीनला त्यांचा मोबाईल वाजला. पलीकडून एक मुलगी अगदी अदबीनं म्हणाली, "मॅडम, आपके घर में झोन फोर ट्रिगर हुआ है, क्या हम पुलिस को इन्फॉर्म करें?" काकू अर्धवट झोपेत. त्यांना वाटलं, हा आणखी एक केवायसीवाला. "नको बाई, आम्हाला काय नको," म्हणून त्यांनी फोन कट केला आणि कूस बदलली. सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला, मागचं दार उचकटलंय म्हणून.

त्या रात्री यंत्रणेनं आपलं काम चोख केलं होतं. दारावरच्या सेन्सरनं ओळखलं, पॅनेलनं निरोप धाडला, कुठल्याशा लांबच्या शहरातल्या कंट्रोल रूमनं मिनिटाभरात फोनही लावला. फक्त काकूंना कुणी सांगितलं नव्हतं की असा फोन येईल, तो हिंदीत येईल आणि त्यावर काय बोलायचं.

अलार्म बसवायचं काम करून मला सतरा वर्षं झाली. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "भोंगा केवढ्यानं वाजतो?" दुसरा, "मोबाईलवर दिसतं ना?" मी उलटं विचारतो, "वाजल्यावर पहिला माणूस कोण पोचणार, आणि किती मिनिटांत?" बहुतेक जण गप्प होतात. याचं उत्तर आधी ठरवा, मग सामान निवडा. खाली सगळं त्याच हिशोबानं लिहिलंय.

आधी साखळी समजून घ्या

मॉनिटरिंग म्हणजे चार कड्यांची साखळी. सेन्सर काहीतरी ओळखतो. पॅनेल, म्हणजे भिंतीवरची ती पत्र्याची पेटी, ठरवते की हे निरोप देण्यासारखं आहे का. निरोप सिमकार्डावरून किंवा इंटरनेटवरून कंट्रोल रूमला जातो. तिथला माणूस खात्री करतो आणि कुणाला तरी उठवतो. कॅमेरा या साखळीत असला तर उत्तम, पण नुसता कॅमेरा म्हणजे मॉनिटरिंग होत नाही. चोरी झाल्यावर चोर दिसतो, एवढंच. ज्यांच्याकडं आठ कॅमेरे आहेत आणि एकही माणूस ते बघत नाही, अशी दुकानं लक्ष्मीपुरीत हवी तेवढी दाखवतो.

एटीएममध्ये रखवालदार दिसत नाही, तरी आत कुणी जास्त वेळ घुटमळलं तर छतातून आवाज येतो, तो याच प्रकारातला. लांब बसलेला माणूस बघतोय, ऐकतोय आणि गरज पडली तर जवळच्याला पाठवतोय.

पायरी पहिली: वही घेऊन फेरी मारा

सेल्समनला बोलवायच्या आधी हे काम स्वतः करा. संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला. घराभोवती फिरा आणि स्वतःला विचारा, चावी हरवली तर मी आत कसा शिरेन? तुम्हाला जी वाट सुचेल तीच चोराला सुचते.

शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत ही वाट बहुधा गच्चीवरून असते. गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, मधे कमरेएवढी भिंत, आणि जिन्याच्या तोंडाला आतून नुसती कडी. पुढच्या दाराला तीन कुलपं आणि गच्चीचं दार लाथेनं उघडणारं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता आधी जिनाच चढतो. रुईकर कॉलनी, ताराबाई पार्ककडच्या बंगल्यांत मागची बाजू, न्हाणीघराची खिडकी आणि गाडीचं शेड. फ्लॅटला मुख्य दार आणि डक्टकडची बाल्कनी. दुकानाला शटर, पण त्याहून जास्त छत आणि शेजारच्या बंद गाळ्याची सामाईक भिंत. गुजरीतल्या सराफांना हे सांगायला लागत नाही, त्यांना भिंतीची जाडी तोंडपाठ असते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कंपाउंड इतकं लांब असतं की सगळ्या भिंतीवर पहारा परवडत नाही. तिथं स्टोअर, तांब्या-पितळेचा माल आणि ऑफिसची तिजोरी अशी दोन-तीन बेटं करायची आणि ती घट्ट बांधायची.

वहीत प्रत्येक वाटेपुढं एक आकडा लिहा. ही वाट फोडून आत आलेल्या माणसाला मौल्यवान वस्तूपर्यंत पोचायला किती मिनिटं लागतील? तुमचा धावून येणारा माणूस दहा मिनिटांवर असेल आणि चोराला तीनच मिनिटं लागणार असतील, तर अलार्मच्या आधी ग्रिल आणि कुलूप सुधारा. हे सांगून माझं गिऱ्हाईक जातं, जाऊ दे.

पायरी दुसरी: सेन्सर कुठला आणि कुठं

दारं-खिडक्यांना चुंबकाचा संपर्क बसतो. चौकटीवर एक डबी, झडपेवर चुंबक. झडप सरकली की सर्किट तुटतं. साधा, स्वस्त आणि खात्रीचा. फक्त आपल्याकडं पावसाळ्यात जुनी सागवानी दारं फुगतात आणि डबी-चुंबकातलं अंतर बदलतं. उन्हाळ्यात बसवलेला सेन्सर जुलैत विनाकारण वाजायला लागतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच. शटरला वेगळा, जाड धातूचा, जमिनीत बसणारा संपर्क लागतो. साधा बसवला तर दुसऱ्या महिन्यात हातगाडीखाली चिरडतो.

खोलीच्या आत हालचाल ओळखणारा पीआयआर. हा स्वतः काही सोडत नाही, समोरच्या उष्णतेची हालचाल फक्त बघतो. म्हणून तो सात-आठ फुटांवर, कोपऱ्यात असा लावायचा की माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल. थेट त्याच्या दिशेनं चालत आलेला माणूस त्याला उशिरा कळतो. उन्हाच्या खिडकीकडं, फ्रिजच्या मागच्या बाजूकडं किंवा एसीच्या झोतात तोंड करून लावू नका. आणखी एक गोष्ट, जी सेल्समन सांगत नाही: आसपासची हवा अंगाच्या तापमानाजवळ, सदतीस अंशांकडं गेली की पीआयआरला माणूस आणि भिंत यातला फरक कमी दिसतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली दिवसभर सहज एवढं तापतं. कारखान्याला म्हणून पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (लहरी सोडून हालचाल ओळखणारा) असे दोन्ही असलेला सेन्सर घ्यावा.

मांजर असेल तर "पेट इम्यून" लिहिलेला सेन्सर मिळतो, साधारण पंचवीस किलोपर्यंतच्या जनावराकडं दुर्लक्ष करणारा. पण मांजर जमिनीवर असेल तोवरच. ते कपाटावर चढून सेन्सरच्या तोंडासमोर बसलं की पंचवीस किलो वगैरे सगळं विसरा.

तिजोरीला आणि सामाईक भिंतीला कंप ओळखणारा सेन्सर. काउंटरखाली पॅनिक बटण, म्हणजे संकटात मदत मागायचं बटण, शक्यतो पायानं दाबायचं आणि आवाज न करणारं. धुराचा सेन्सर स्वयंपाकघरात लावू नका. तांबड्या रश्श्याची फोडणी पडली की तो ओरडणारच, आणि आठवड्यात घरातलं कुणीतरी त्याचा सेल काढून ठेवणार. स्वयंपाकघराला उष्णता ओळखणारा, बाकीच्या खोल्यांना धुराचा. देवघरापासूनही दोन हात लांब.

वायरीच्या भोकातून मुंग्या आणि झुरळं सेन्सरमध्ये शिरतात. सिलिकॉननं भोक बुजवायला दोन मिनिटं लागतात. कारागीर ते करतोय का, उभं राहून बघा.

पायरी तिसरी: पेटी, बॅटरी आणि वळीव

पॅनेल आत, लपलेल्या जागी आणि उंचावर. 2019 च्या पुरात पंचगंगेचं पाणी ज्या गल्ल्यांत शिरलं तिथं कमरेच्या उंचीवर लावलेली पॅनेलं मी स्वतः उघडलीत. आत गाळ. 2021 ला पुन्हा तेच. पुराच्या खुणा तुमच्या भिंतीवर असतील तर त्याच्या वर हातभर जागा सोडून खुंटी मारा.

पॅनेलमध्ये बहुधा बारा व्होल्ट, सात एएचची (अँपिअर-तासांची) बंद बॅटरी असते. पॅनेल आणि सेन्सर मिळून 300 मिलिअँपियर खात असतील तर कागदावर तेवीस तास निघतात. जुनी झालेली बॅटरी त्याच्या निम्मंही देईल याची खात्री नसते. म्हणून तीन वर्षांनी बॅटरी बदलायचीच, चांगली चालत असली तरी. वाय-फायचा राउटर मात्र या बॅटरीवर चालत नाही. लाईट गेली, राउटर बंद पडला आणि निरोप इंटरनेटवरूनच जाणार असेल, तर तुमची मॉनिटरिंग तेवढा वेळ संपली. राउटर इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या.

वळिवाच्या पावसात वीज पडली की माझा फोन दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाजतो. अर्थिंग नीट असेल आणि सर्ज प्रोटेक्टर बसवलेला असेल तर पॅनेल वाचण्याची शक्यता बरीच वाढते. घराचं अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियनला बोलवा, अलार्मवाल्याच्या तोंडी खात्रीवर राहू नका. माझ्यासुद्धा.

वायरच्या सिस्टीममध्ये प्रत्येक झोनच्या, म्हणजे पॅनेलला वेगळ्या जोडलेल्या प्रत्येक दार-खिडकी किंवा खोलीच्या वायरीच्या, शेवटी एक छोटा रेझिस्टर असतो. त्यामुळं कुणी वायर कापली किंवा दोन तारा एकत्र पिळल्या तरी पॅनेलला कळतं. हा रेझिस्टर सेन्सरच्या आत बसायला पाहिजे. आळशी कारागीर तो पॅनेलमध्येच बसवून मोकळा होतो. मग दिवसा दुकानात येऊन कुणी तारा पिळून गेला तर रात्री ते दार उघडल्याचं पॅनेलला कळतच नाही. विचारायला लाजू नका.

पायरी चौथी: निरोप कसा जातो

समजा लक्ष्मीपुरीतलं कापडाचं दुकान. रात्री शटर उचकटलं. पॅनेल कंट्रोल रूमला एक आकड्यांची ओळ पाठवतं:

4127 18 1130 01 003

4127 हा दुकानाचा खाते क्रमांक. 18 ही या भाषेची ओळखखूण, तिचं नाव काँटॅक्ट आयडी. पुढच्या 1130 मधला पहिला 1 म्हणजे नवी घटना, 130 म्हणजे घरफोडी. 01 हा भाग, 003 हा झोन, म्हणजे शटर. बस्स. या एका ओळीवर कंट्रोल रूमच्या पडद्यावर दुकानाचं नाव, पत्ता, खुणेची जागा, फोनची यादी हे सगळं उघडतं. 110 आलं तर आग, 122 म्हणजे गुपचूप दाबलेलं पॅनिक, 301 म्हणजे लाईट गेली, 302 म्हणजे बॅटरी उतरली, 602 म्हणजे "मी जिवंत आहे" असा रोजचा निरोप.

602 ला कमी समजू नका. चोर जॅमर (सिग्नल अडवणारं यंत्र) वापरतो, केबल कापतो, तेव्हा पॅनेल ओरडू शकत नाही. ते गप्प झालं हे कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे. म्हणून कंपनीला विचारा, पॅनेल गप्प झालं तर तुम्हाला किती वेळात कळतं? काहींचं उत्तर "चोवीस तासांत" असतं. चोवीस तासांत सगळा गाळा रिकामा होतो. घराला तासाभराचं अंतर चालेल, सराफाला काही मिनिटांचंच पाहिजे.

वाट एक नको, दोन पाहिजेत: इंटरनेट आणि सिम. जमलं तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं. जुन्या पॅनेलातला मॉडेम नुसता 2जी असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही, कारण त्यांचं 2जी नेटवर्कच नाही. आणि आता सगळ्यात फालतू वाटणारी, पण मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेली चूक: सिमचा रिचार्ज. पेटीत सिम घालून दोन वर्षं कुणी बघितलेलं नसतं. एका गोडाऊनचा अलार्म सात महिने मुका होता. मालकाला वाटत होतं कंपनी भरते, कंपनीला वाटत होतं मालक भरतो. यंत्रांसाठी तेरा आकडी नंबरची वेगळी सिमं असतात, मोठ्या कंपन्या ती वापरतात आणि रिचार्ज स्वतः बघतात. तुमच्या करारात कोण भरणार ते शब्दांत लिहून घ्या.

पायरी पाचवी: कंट्रोल रूममध्ये त्या मिनिटात काय होतं

दार उघडल्यापासून कोड दाबेपर्यंत पॅनेल तीस-पंचेचाळीस सेकंद थांबतं, घरच्यांना आत यायला. तेवढ्यात कोड पडला नाही की भोंगा सुरू आणि निरोप रवाना. खिडकीला, गच्चीच्या दाराला ही सवलत देऊ नका. त्या वाटेनं घरचं कुणी येत नाही.

ऑपरेटर आधी जागेवर फोन लावतो. कुणी उचलला तर परवलीचा शब्द विचारतो. शब्द चुकला किंवा फोन उचललाच नाही तर यादीतल्या पहिल्या नंबरला, मग दुसऱ्याला. कॅमेरा जोडलेला असेल तर त्या क्षणाच्या आधीची-नंतरची काही सेकंदांची चित्रफीत बघतो. दोन वेगवेगळे झोन पाठोपाठ पेटले, म्हणजे आधी शटर आणि मग आतला पीआयआर, तर मामला खरा धरतो. पॅनिकला आणि आगीला ही खातरजमा उलट्या क्रमानं चालते, आधी मदत आणि मग चौकशी. गुपचूप पॅनिक आलं असेल तर जागेवर फोन करायचाच नाही, कारण तिथं चोर उभा असू शकतो. हा नियम तुमच्या कंपनीला माहीत आहे का, हे विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघा.

परवलीचा शब्द साधा ठेवा. मुलाचं नाव, गाडीचा नंबर नको. आमच्या एका गिऱ्हाइकाचा शब्द "भडंग" होता. रात्री दोन वाजता झोपेतही आठवतो आणि दुसऱ्या कुणाला सुचत नाही. (हे छापून येणार म्हटल्यावर त्यांनी तो बदललाय.)

जबरदस्तीचा कोड वेगळा मागून घ्या. कुणी चाकू लावून अलार्म बंद करायला सांगितला तर हा कोड दाबायचा. अलार्म बंद झाल्यासारखा दिसतो, आणि कंट्रोल रूमला 121 जातो.

पायरी सहावी: धावून येणारी माणसं

नवख्या माणसाला वाटतं, कंट्रोल रूमनं एक बटण दाबलं की पोलीस निघाले. तुमचं पॅनेल पोलीस ठाण्याला जोडलेलं नसतं. कंट्रोल रूमचा माणूस तुमच्या-माझ्यासारखा फोनच करतो.

आणि इथं एक गोची आहे. 112 हा नंबर देशभर एकच असला तरी प्रत्येक राज्याचं केंद्र वेगळं आहे. कंट्रोल रूम हरियाणात किंवा कर्नाटकात असेल आणि तिथून ऑपरेटरनं 112 लावला तर फोन तिथल्या राज्याच्या केंद्रात जातो. तो पत्ता सांगणार, तिकडचा माणूस विचारणार, "कोल्हापूर कहाँ?" म्हणून कंपनीच्या नोंदीत तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्याचा 0231 नं सुरू होणारा नंबर आहे का, ते तपासा. हद्द कुठली तेही नक्की करून घ्या. जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी, आणि शहराच्या कडेला गेलात की करवीर. एका रस्त्याच्या दोन बाजू दोन ठाण्यांत असू शकतात. ठाण्यात जाऊन एकदा विचारून या, नंबर बरोबर आहे ना तेही बघून या. अर्धा तास लागतो.

यादी करताना लोक पहिलं नाव स्वतःचं, दुसरं बायकोचं, तिसरं पुण्याच्या भावाचं लिहितात. स्वतः आंबोलीला गेलेले, रेंज नाही. बायको बरोबरच. भाऊ पुण्यात उठून करणार काय? यादीत निदान दोन माणसं अशी हवीत की जी चालत पाच मिनिटांत पोचतील. आपल्या गल्लीत ही माणसं असतात. तालमीतली पोरं, समोरचा पानपट्टीवाला, वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. त्यांना आधी विचारा, चहाला बोलवा, पॅनेल दाखवा. "काका, भोंगा वाजला तर आत जायचं नाही, नुसतं लांबून बघायचं, दिवे लावायचे आणि मला फोन करायचा," एवढं सांगा. काका बहुधा म्हणतील, "अरे, एवढंच व्हय? सांगायचं न्हाईस होय आधी!" मास्तर लोक जास्त गंभीरपणे घेतात, वहीत लिहून ठेवतात.

काही कंपन्या स्वतःचे गार्ड मोटारसायकलवर पाठवतात. चांगली सोय आहे, पण ती पुण्या-मुंबईइतकी इथं पसरलेली नाही. गार्ड पाठवणाऱ्या संस्थेकडं खाजगी सुरक्षा संस्थांच्या 2005 च्या कायद्याखालचा परवाना लागतो. धंद्यात त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून "पसारा लायसन्स" म्हणतात, आणि तो काढायचा उपद्व्याप बघता नाव योग्यच आहे. परवान्याची प्रत मागा, मुदत बघा.

स्वतः मोबाईलवर बघितलं तर?

चालतं. वॉचमन असलेल्या इमारतीतला फ्लॅट, घरात सतत कुणीतरी, अशा ठिकाणी पैसे भरून मॉनिटरिंग घ्यायची गरज नाही असं माझं मत. अ‍ॅपवर सूचना येते, तुम्ही वॉचमनला फोन करता. पण रात्री फोन सायलेंटवर टाकून झोपणारे असाल, वारंवार बाहेरगावी जाणारे असाल, किंवा घरात म्हातारी माणसं एकटी असतील तर पैसे भरून जागा राहणारा माणूस घ्या. दुकानाला आणि कारखान्याला तर घ्याच, आणि त्याचं कारण चोराहून वेगळं आहे. रोज कुणी किती वाजता कोड दाबून उघडलं आणि किती वाजता बंद केलं, याची नोंद राहते. साडेनऊपर्यंत दुकान बंद झाल्याचा निरोप आला नाही की कंट्रोल रूम फोन करते. रविवारी पहाटे पाचला कुणी स्टोअर उघडलं तरी फोन येतो. एका कारखानदाराला पहिल्या महिन्यातच कळलं की त्यांचा माल बाहेरचा चोर नेत नव्हता. प्रत्येक कामगाराला वेगळा कोड द्या, काम सोडून गेला की त्याच दिवशी काढा.

खोटे अलार्म

जगभर अलार्मच्या फोनांतले बहुतेक खोटे निघतात आणि आपलं गावही त्याला अपवाद नाही. चुकीचा कोड, नीट न लागलेली खिडकी, पाल, उंदीर, पंख्याच्या वाऱ्यानं हलणारी गणपतीची माळ. महाद्वार रोडवर तर विसर्जनाच्या रात्री डॉल्बी जवळ आला की शटरं थरथरतात आणि कंपाचे सेन्सर एकामागून एक पेटत जातात. मिरवणूक कुठवर आली ते मी घरी बसून फोनांवरून सांगू शकतो. तेवढ्या एका रात्रीपुरता कंप-झोन बायपास करायचा, म्हणजे तात्पुरता बंद ठेवायचा, आणि दुकानात माणूस झोपवायचा. नवरात्रात, जोतिबाच्या यात्रेच्या दिवसांत गर्दीच्या रस्त्यांवर हाच विचार करा.

महिन्यात दोन खोटे अलार्म झाले की तिसऱ्याला शेजारी खिडकी उघडत नाहीत. म्हणून प्रत्येक खोट्या अलार्मचं कारण त्याच आठवड्यात शोधून काढा. "असंच वाजला" हे कारण नसतं.

करारावर सही करण्याआधी

पैशाचे दोन भाग असतात. एकदाच लागणारा सामानाचा आणि बसवण्याचा, आणि दरवर्षीचा मॉनिटरिंगचा. भाव सांगताना जीएसटी धरला की नाही ते विचारा, अठरा टक्के म्हणजे थोडेथोडके नाहीत. सामान तुमच्या मालकीचं की भाड्याचं? करार मोडायचा झाला तर किती वर्षं अडकला आहात? ऑपरेटर मराठी बोलतात का? काकूंची गोष्ट लक्षात ठेवा. "प्रतिसाद दोन मिनिटांत" याचा अर्थ दोन मिनिटांत फोन, की दोन मिनिटांत माणूस? तो नेहमी फोनच असतो.

आणि इन्स्टॉलर कोड मागून घ्या. पॅनेलचं सगळं सेटिंग ज्यानं बदलतं तो हा मुख्य कोड काही जण गिऱ्हाइकाला देत नाहीत. मग कंपनी बदलायची म्हटलं की सगळं सामान नवीन घ्यावं लागतं. सही करण्याआधी "करार संपल्यावर कोड देऊ" हे वाक्य कागदावर आणा. नाही म्हणाले तर चहा प्या आणि उठा.

घरफोडीचा विमा असेल किंवा काढणार असाल तर पॉलिसीत अलार्मबद्दल अट आहे का, वाचा. अलार्म चालू ठेवण्याची अट असेल आणि त्या रात्री तो लावलेलाच नसेल, तर दावा अडकतो.

पहिला आठवडा

बसवून झाल्यावर कारागिराला लगेच सोडू नका. कंट्रोल रूमला फोन करून सिस्टीम टेस्टवर टाकायला सांगा आणि एकेक दार, एकेक खिडकी उघडत, प्रत्येक खोलीतून चालत फिरा. पलीकडच्या माणसानं प्रत्येक वेळी बरोबर झोनचं नाव सांगितलं पाहिजे. तुम्ही न्हाणीघराची खिडकी उघडली आणि तो "किचन" म्हणाला, तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. मग लाईटचा मेन बंद करा आणि बॅटरीवर तेच पुन्हा. मग राउटर बंद करून सिमवरून.

घरातल्या प्रत्येकाकडून अलार्म लावून आणि बंद करून घ्या. आजीकडूनसुद्धा. कामाला येणाऱ्या मावशींना वेगळा कोड, त्यांच्या वेळेपुरताच चालणारा. रात्री घरात झोपायचं असताना बाहेरची दारं-खिडक्या जाग्या आणि आतले पीआयआर झोपलेले, असा "स्टे" मोड वापरायचा. हे न शिकवल्यामुळं रात्री पाणी प्यायला उठलेल्या आजोबांनी सगळी गल्ली जागी केल्याची उदाहरणं माझ्याकडं डझनभर आहेत. नंतर महिन्यातून एकदा, आधी कंट्रोल रूमला कळवून, एक तरी झोन मुद्दाम वाजवा.

आणि एक दिवस खरंच असा आला, की तुम्ही परगावाहून परतताय आणि घराचा भोंगा चालू आहे, दार किलकिलं आहे, तर आत जाऊ नका. हाक मारू नका. गल्लीच्या तोंडाशी, उजेडात उभे राहा, 112 लावा, मग कंट्रोल रूमला फोन करून कोणकोणते झोन पेटले ते विचारा. पोलीस आल्यावर त्यांना ते सांगा. गच्ची पेटली असेल तर ते वरून बघायला सुरुवात करतील. आत गेल्यावर पंचनामा होईपर्यंत फेकलेले कपडे, उघडी कपाटं, चहाचा कपसुद्धा उचलू नका. दुसऱ्या दिवशी कंपनीकडून त्या रात्रीची वेळेनिशी नोंद छापून, सही-शिक्क्यासह मागा. पोलिसांना आणि विमा कंपनीला, दोघांनाही ती लागते, तेव्हा दोन प्रती घ्या.